दोन इयत्ता, एक खोली

2025-26 मध्ये पहिलीला नवा अभ्यासक्रम आला. दुसरी त्या वर्षी जुन्याच पुस्तकांवर राहिली. माझ्याकडे दोन्ही एकाच खोलीत बसतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पट 60 पर्यंत असला की शिक्षक दोन. आमच्या शाळेत इयत्ता मात्र चार. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाळा अशाच आहेत, तरी प्रशिक्षणात त्यांचा विचार दिसत नाही.

प्रशिक्षण राज्याकडून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि मग आमच्यापर्यंत पोचतं. पहिली कशी शिकवायची ते नीट सांगतात. शेजारच्या दुसरीने तोवर काय करायचं, हे कुणी बोलत नाही.

नव्या अभ्यासक्रमाचा गाभा मला मनापासून पटतो. खेळ, गाणी, गोष्टी, हाताळायच्या वस्तू. सहा वर्षांच्या मुलाला याहून वेगळं काय हवं? पण 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हाही विचार असाच चांगला होता. पुढे नोंदवह्याच वाढल्या आणि मुलांकडे बघायचा वेळ त्या भरण्यात गेला. तसं पुन्हा होऊ नये, एवढीच धास्ती वाटते.

आज चिंचोके मोजताना दुसरीतली एक मुलगी आपणहून पहिलीच्या गटात जाऊन बसली आणि दहा-दहाचे ढीग लावून दाखवू लागली. लहानगी तिचं लगेच ऐकत होती. उद्या आणखी दोघांना तिच्या जोडीला बसवणार आहे. आणि केंद्रप्रमुखांना विचारणार आहे, पुढच्या शिक्षण परिषदेत बहुवर्ग अध्यापनाला अर्धा दिवस द्याल का?