बलकाची सही

कर्जतजवळच्या कोंदिवड्याहून कोंडाणे लेण्यांची चढण आता गुडघ्यांना झेपत नाही. ऐन पावसात, स्केचवही छातीशी धरून ही वाट तुडवायचो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, मूर्तीच्या भग्न मस्तकापाशी ब्राह्मी लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवलं. दोन हजार वर्षांपूर्वीची सही, आणि तीत गुरूचं नाव आधी! आतले बरेच खांब खालून तुटलेत. हात थरथरायला लागल्यावर बलकानं काय केलं असेल? शिष्यांवर खेकसला असेल, बहुधा. मी खेकसतो. रेघ हलते, म्हणून हल्ली जाड कुंचला घेतो. १९२३ मध्ये मोतीबिंदू काढल्यावरही फ्रेंच चित्रकार मोने रंगवत राहिला. नव्या चष्म्यावर मात्र त्याचा भारी राग. माझाही आहे.