तुझ्या जागा

दिवा मालवला आहे. खिडकीत थोडं चांदणं. आधी येते ती ध्वनिमुद्रिकेची खरखर, १९३३ सालच्या व्हिएन्नातली. मग तू.

किती सहज येतोस. बंद माजघरात उन्हाची तिरीप उतरावी तसा.

आवाजा, गायिका लोट्टे लेहमान हे तुझं घर. बर्लिनमध्ये मातिल्डे मालिंगरबाईंनी तुझी ज्योत ओंजळीच्या आडोशाला धरली. १९१० साली हॅम्बुर्गने तुला रंगमंच दिला. पुढे व्हिएन्ना. रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डेर रोझेनकावालियर’मध्ये तू सोफी झालास, ऑक्टेव्हियन झालास, आणि मग मार्शालिन. एका संगीतिकेत तीन वयं. मला तिसरंच तुझं वाटतं.

ती मार्शालिन. अपरात्री उठते आणि घरातली सगळी घड्याळं थांबवते.

तुझं कुणी थांबवलं नाही.

व्हिएन्ना मागे पडलं. समुद्र ओलांडला. आणि मग सांता बार्बरा, पॅसिफिकच्या काठची ती संगीतशाळा, समोर बसलेली कोवळी पोरं, त्यांत सेंट लुईसची ग्रेस बम्ब्री, आणि ही वयस्क बाई उठते, हात पुढे करते, नजर दूर कुठेतरी लावते आणि एक सप्तक खाली उतरून, अर्धं गात, अर्धं बोलत दाखवते की इथे श्वास कसा अडतो, इथे शब्द कसा ओलावतो, इथे प्रेमात पडलेली बाई मान कशी वळवते, आणि तू तिथे नसताना, तुझा एकही लखलखता स्वर त्या खोलीत नसताना, समोरच्या मुलीच्या गळ्यात काहीतरी उजळतं, भरतं, दाटून वर येतं.

आपल्याकडे गाण्यातल्या अशा ठिकाणांना ‘जागा’ म्हणतात. तू गेल्यावर तिने तुझ्या जागा एकेक करून झाडल्या, पुसल्या, दुसऱ्यांना बसायला दिल्या.

जवळजवळ पंचवीस वर्षं.

रंग घेऊन बसली. कविता लिहिल्या. तरी मला हीच वर्षं छळतात. सकाळी, घर अजून निजलेलं असताना, ती गळ्यात तुला चाचपत असेल का? कुणाला न कळेल इतक्या हळू?

२६ ऑगस्ट १९७६ ला तीही गेली. आता व्हिएन्नाच्या मातीत आहे. तिथे किती शांत असेल. आणि त्या शांततेत तू नाहीस.

तू आधीच निरोप घेतला होतास. १६ फेब्रुवारी १९५१, न्यूयॉर्कचा टाउन हॉल. अखेरीस शूबर्टचं गाणं, खुद्द संगीतालाच उद्देशून असलेलं. त्याच्या शेवटच्या शब्दांत कलेचे आभार आहेत.

तिथवर आलास. तिला पुढे गाववेना.

उरलेलं पॉल उलानोव्स्कीच्या पियानोने एकट्याने वाजवलं.