#थ्रेड : सभागृहातले आणि सभागृहाबाहेरचे. जॉर्ज वॉलेस यांचे भाषण ऐकणारी अमेरिका

१/
२४ ऑक्टोबर १९६८ची रात्र. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे २०,००० माणसे जमली आहेत. बाहेर रस्त्यावर निदर्शकांचा जमाव आहे आणि दोहोंच्या मध्ये पोलिसांची रांग. व्यासपीठावर ठेंगण्या बांध्याचा, केस मागे चोपून बसवलेला एक माणूस येतो आणि सभागृह उठून उभे राहते. हा माणूस न्यूयॉर्कचा नाही. दूर दक्षिणेतील अलाबामा राज्याचा तो माजी गव्हर्नर आणि अध्यक्षपदाचा तिसरा उमेदवार आहे : जॉर्ज वॉलेस.

२/
वॉलेस काय बोलले, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. हा थ्रेड ऐकणाऱ्यांविषयी आहे : टाळ्या वाजवणारे, शिव्या देणारे, घरी बसून धास्तावलेले आणि ज्यांच्या विरोधात ते सारे बोलणे होते ते. भाषण वक्त्याचे असते हे खरे. पण त्याचे पुढे काय होते, हे बरेचसे ऐकणाऱ्यांच्या हाती असते. १९६८ साली ते स्पष्ट दिसले.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. वॉलेस यांचा जन्म १९१९चा, अलाबामातील एका लहान गावातला. न्यायाधीशपद भूषवून १९५८ साली ते गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. तेव्हा त्यांची भूमिका तुलनेने सौम्य होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा कल त्यांच्याकडे होता. प्रतिस्पर्धी जॉन पॅटरसन यांच्यामागे कु क्लक्स क्लान उभी होती. वॉलेस हरले. या पराभवातून त्यांनी घेतलेला धडा साधा होता : लोकांना जे ऐकायचे आहे, ते इतरांपेक्षा मोठ्याने बोलायचे.

४/
१९६२ साली ते निवडून आले. १४ जानेवारी १९६३ रोजी शपथविधीच्या भाषणात त्यांनी वंशविभाजन आज, उद्या आणि सदैव राहील अशी घोषणा केली. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा, बसमधल्या जागा, उपाहारगृहे वेगळी ठेवण्याची ही पद्धत. भाषण लिहून देणारे एसा कार्टर क्लानचे माणूस होते. जूनमध्ये विद्यापीठात प्रवेश घेण्यास आलेल्या व्हिव्हियन मेलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवून गव्हर्नर स्वतः दारात उभे राहिले. सप्टेंबरमध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँबस्फोट झाला आणि चार मुली मृत्युमुखी पडल्या. गव्हर्नरांनी बाँब ठेवला नव्हता. पण त्या राज्यातली हवा कोणी तापवली, हा प्रश्न त्यांचा पिच्छा पुढे आयुष्यभर सोडणार नव्हता.

५/
हा दक्षिणेचा रोग आहे, अशी उत्तरेकडच्या सुशिक्षितांची समजूत होती. १९६४ साली ती मोडली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत वॉलेस यांना विस्कॉन्सिनमध्ये सुमारे ३४ टक्के, इंडियानात सुमारे ३० टक्के आणि मेरीलँडमध्ये सुमारे ४३ टक्के मते पडली. मिलवॉकीतील सर्बियन वंशाच्या लोकांच्या सभागृहात कारखान्यांतले कामगार त्यांना ऐकायला दाटीवाटीने जमले. हे कामगार पिढीजात डेमोक्रॅट होते. त्यांच्यातील अनेकांचे आईबाप किंवा आजीआजोबा पूर्व युरोपातून आलेले, दक्षिणेच्या गुलामगिरीशी काडीचाही संबंध नसलेले.

६/
उत्तरेत येताना वॉलेस यांनी शब्द बदलले. सुंभ जळाला, पीळ मात्र राहिला. वंशाचा उल्लेख मागे पडला. त्याजागी आले ‘राज्यांचे हक्क’, ‘कायदा आणि सुव्यवस्था’, ‘तुमचे घर तुम्ही कोणाला विकावे हे वॉशिंग्टनने का ठरवावे’. ज्यांना सायकलसुद्धा धड उभी करता येत नाही अशा विद्वानांची ते टर उडवत. मोकळी जागा कशाने भरायची, हे श्रोत्यांना अचूक ठाऊक असे. वक्ता नामानिराळा राही आणि सभेला सगळे समजे.

७/
१९६८ साल अमेरिकेसाठी विलक्षण कठीण होते. व्हिएतनाममधून शवपेट्या येत होत्या. ४ एप्रिलला मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शंभराहून अधिक शहरांत उद्रेक झाले. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी मारले गेले. ऑगस्टमध्ये शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांनी तरुणांना झोडपले आणि ते दृश्य देशाने टीव्हीवर पाहिले. वॉलेस यांच्या पत्नी लर्लीन मे महिन्यात कर्करोगाने वारल्या. त्या स्वतः तेव्हा अलाबामाच्या गव्हर्नर होत्या. काही आठवड्यांतच वॉलेस पुन्हा प्रचारात उतरले. तिसऱ्या पक्षाचे उमेदवार असूनही पन्नासही राज्यांच्या मतपत्रिकांवर त्यांचे नाव आले.

८/
सभेला कोण येई? गिरणीतले आणि मोटार कारखान्यातले कामगार, पोलीस, टॅक्सीचालक, छोटे दुकानदार. बादल्या फिरवून वर्गणी गोळा होई. या माणसांची तक्रार सगळीच खोटी नव्हती. महाविद्यालयात शिकणाऱ्याला सक्तीच्या सैन्यभरतीतून सवलत मिळे. कामगाराचा मुलगा मात्र व्हिएतनामला जाई. महागाई वाढत होती. वर्तमानपत्रांत त्यांच्यासारख्यांचा उल्लेख झालाच तर तो थट्टेने होई. दुःख खरे होते. त्या दुःखाला वॉलेस यांनी जो शत्रू दाखवला, तो खोटा होता.

९/
आता दुसरी बाजू. प्रत्येक मोठ्या सभेत निदर्शक असत. त्यांत विद्यार्थी, कृष्णवर्णीय तरुण, युद्धविरोधक असत. ते वॉलेस यांना फॅसिस्ट म्हणत आणि हिटलरला दिली जाणारी सलामी ओरडून देत. यावर वॉलेस यांचे उत्तर तयार असे : तुम्ही दुपट्यात होता तेव्हा मी फॅसिस्टांशी लढत होतो. दुसऱ्या महायुद्धात जपानवर बाँबफेक करणाऱ्या विमानांत त्यांनी खरोखरच काम केले होते. सभागृह दणाणून जाई.

१०/
दुसरे ठेवणीतले उत्तर इंग्रजी शब्दखेळाचे होते. इंग्रजीत शिव्यांना ‘चार अक्षरी शब्द’ म्हणतात. वॉलेस तरुणांना सांगत, तुम्हाला असे शब्द पुष्कळ येतात, पण चार अक्षरी दोन शब्द तुम्हाला ठाऊक नाहीत : ‘वर्क’ आणि ‘सोप’, म्हणजे काम आणि साबण. पुन्हा हशा. मग ते निदर्शकांकडे हवेतून चुंबने फेकत. हे लोक मला मते मिळवून देतात, असे ते उघडपणे म्हणत. निदर्शकांनी त्यांच्या हाती आयते कोलीत दिले होते.

११/
हे कसे घडत होते? निदर्शकाची ओरड वॉलेस यांच्यासाठी असे, पण ती लागे तिसऱ्या रांगेत बसलेल्या वेल्डरला. ‘फॅसिस्ट’ हा शब्द त्याला स्वतःला उद्देशून वाटे. आपल्या मुलाच्या वयाचा, हातांना घट्टे नसलेला कोणी आपल्याला शिवी देतो आहे, एवढेच त्याच्या कानी पडे. सभेला येताना तो कुंपणावर असला, तर जाताना कुंपण ओलांडलेले असे.

१२/
याचा दोष निदर्शकांच्या माथी मारणे मात्र सोपे आणि अन्यायाचे आहे. ज्यांच्या शाळेच्या दारात हा माणूस उभा राहिला होता, त्यांनी गप्प बसावे असे कोणी म्हणावे? आणि भाषणातला विनोद निरुपद्रवी नव्हता. कोणी निदर्शक माझ्या गाडीपुढे आडवा झाला, तर ती त्याच्या आयुष्यातली शेवटची गाडी ठरेल, असे ते सांगत आणि सभेत सर्वांत मोठ्या टाळ्या याच वाक्याला पडत. ऑक्टोबरच्या अखेरीस डेट्रॉइटच्या कोबो हॉलमध्ये खुर्च्या फेकाफेकीपर्यंत मजल गेली. मौनाला संमतीचा अर्थ येत होता आणि ओरडण्याला प्रचाराचा. विरोध करणाऱ्यांची ही खरी कोंडी होती.

१३/
सप्टेंबरअखेरीस गॅलप संस्थेच्या पाहणीत वॉलेस यांना २१ टक्के पाठिंबा दिसला. कोणालाच निर्णायक २७० निर्वाचक मते मिळाली नाहीत, तर अध्यक्षाची निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते. तेव्हा सौदा करण्याची ताकद वॉलेस यांच्या हाती आली असती. मोटार कामगारांच्या काही स्थानिक शाखांत त्यांच्याकडे झुकलेला कौल पाहून संघटनांचे नेते हादरले.

१४/
मग कामगार संघटना कामाला लागल्या. त्यांनी वॉलेस यांना नवे विशेषण शोधले नाही. कारखान्याच्या फाटकावर कोट्यवधी पत्रके वाटली गेली आणि त्यांत रूक्ष माहिती होती : अलाबामात कामगाराला मजुरी किती मिळते, ती देशाच्या सरासरीपेक्षा किती कमी आहे, संघटना दुबळ्या करणारा कायदा तिथे कसा लागू आहे. हे सांगणारा माणूस शेजारच्या यंत्रावर काम करणारा होता. त्याला कोणी ‘सायकल न येणारा विद्वान’ म्हणू शकत नव्हते. त्याने समोरच्याला वाईट ठरवले नाही. फक्त विचारले, हा माणूस आला तर तुझ्या पगाराचे काय?

१५/
याचे सगळे श्रेय एकट्या पत्रकांना देता येणार नाही. ३० सप्टेंबरला हुबर्ट हम्फ्री यांनी व्हिएतनामवरील बाँबफेक थांबवण्याची तयारी दर्शवली आणि दुरावलेले डेमोक्रॅट परतू लागले. ३ ऑक्टोबरला वॉलेस यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार, जनरल कर्टिस लमे, पत्रकारांपुढे अण्वस्त्रांविषयी इतक्या सहजतेने बोलले की शेजारी उभे असलेले वॉलेस सावरासावर करू लागले. शिवाय जिंकू न शकणाऱ्याला मत देऊन ते वाया का घालवावे, हा विचार होताच.

१६/
५ नोव्हेंबरचा निकाल : निक्सन ४३.४ टक्के, हम्फ्री ४२.७ टक्के, वॉलेस १३.५ टक्के. मतांत सांगायचे तर सुमारे ९९ लाख. दक्षिणेतली पाच राज्ये आणि ४६ निर्वाचक मते त्यांच्याकडे गेली. उत्तरेकडच्या कारखान्यांच्या राज्यांतला पाठिंबा मात्र बराच ओसरला होता. आणखी एक प्रतिक्रिया या आकड्यांत आहे आणि तिचा आवाज कोणत्याच सभेत ऐकू आला नव्हता. १९६५च्या मतदान हक्क कायद्यानंतर दक्षिणेतले कृष्णवर्णीय नागरिक मोठ्या संख्येने रांगेत उभे राहून मत देत होते. वॉलेस यांना त्यांनी दिलेले हे पहिले मोठे उत्तर.

१७/
उमेदवार हरला, तरी त्याची भाषा हरली नाही. ९९ लाख मते कोणत्या शब्दांनी मिळतात, हे दोन्ही मोठ्या पक्षांनी टिपून ठेवले. पुढच्या वर्षी निक्सन ‘मूक बहुसंख्याकां’ना साद घालत होते. स्वर मवाळ, पोशाख नीटनेटका. श्रोता बराचसा तोच.

१८/
१९७२ साली वॉलेस पुन्हा रिंगणात उतरले. १५ मे रोजी मेरीलँडमधील लॉरेल येथे सभेनंतर हस्तांदोलन करताना आर्थर ब्रेमर या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याला विचारसरणीशी देणेघेणे नव्हते. प्रसिद्धी हवी होती, आणि आधी तो निक्सन यांच्या मागावर होता. वॉलेस यांचे कमरेखालचे शरीर कायमचे निकामी झाले. रुग्णालयात त्यांना भेटायला आलेल्यांत शर्ली चिझम होत्या : पहिल्या कृष्णवर्णीय महिला काँग्रेस सदस्य आणि त्याच निवडणुकीतल्या त्यांच्या प्रतिस्पर्धी. चिझम यांच्या समर्थकांना ही भेट मुळीच रुचली नाही. जे तुमच्यावर ओढवले ते कोणावरही ओढवू नये, या अर्थाचे त्या बोलल्या आणि वॉलेस रडले.

१९/
१९७९ साली चाकांच्या खुर्चीतून ते माँटगोमेरीच्या डेक्स्टर ॲव्हेन्यू चर्चमध्ये आगाऊ न कळवता गेले. मार्टिन ल्यूथर किंग इथेच धर्मोपदेशक होते. १९६३चे ते भाषण जिथे झाले, ते राज्याचे कॅपिटॉल इथून हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी क्षमा मागितली. १९८२ साली ते अखेरचे गव्हर्नर झाले, तेव्हा त्यांना कृष्णवर्णीय मतदारांचीही लक्षणीय मते मिळाली. १९९६ साली त्यांनी व्हिव्हियन मेलोन यांना धैर्याचा पुरस्कार दिला. तो पुरस्कार त्यांच्या दिवंगत पत्नीच्या, लर्लीन यांच्या नावाचा होता.

२०/
हे परिवर्तन खरे की राजकीय सोय, यावर आजही वाद आहे. १९६५ साली सेल्माच्या पुलावर वॉलेस यांच्याच राज्य पोलिसांनी जॉन लुईस यांचे डोके फोडले होते. १९९८ साली वॉलेस वारल्यावर त्याच लुईस यांनी लेख लिहून त्यांना क्षमा केली. काहींना ती करता आली नाही, आणि त्यांना तसा अधिकार आहे. बर्मिंगहॅमच्या चार मुलींना कोणाची क्षमा ऐकू येणार नव्हती.

२१/
एक असमतोल मात्र उरतोच. १९६३ची घोषणा साऱ्या देशाने ऐकली. क्षमायाचना एका चर्चमध्ये झाली. वक्ता बदलला तरी त्याने पेरलेले शब्द परत येत नाहीत. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले २०,००० श्रोते त्या रात्री घरी गेले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. त्यांतल्या कोणी माफी मागितल्याची नोंद इतिहासात नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही. आणि कारखान्याच्या फाटकावर पत्रक हाती घेऊन उभ्या राहिलेल्या, शेजाऱ्याशी वाद न घालता बोलत राहिलेल्या त्या कामगाराचे नावही कोणत्या पुस्तकात नाही. १९६८चा इतिहास या दोघांनाही वगळून पुरा होत नाही.

(थ्रेड समाप्त)