पुण्याची तहान भागवणारे कात्रज

मराठीत एखाद्याला चकवा देऊन निसटणे याला ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणतात. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री छत्रपती शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला. परंपरेने सांगितले जाते, की त्या रात्री बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे हाकलण्यात आले. मोगलांची फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाच्या वाटेने सुखरूप निघून गेले. या एका आठवणीने कात्रजचे नाव भाषेत कायमचे रुजले. आज मात्र पुण्याहून साताऱ्याकडे जाणारे शेकडो प्रवासी रोज कात्रजवरून जातात आणि खुद्द कात्रज न पाहताच पुढे सरकतात. लग्नकार्यासाठी, मुलांच्या प्रवेशासाठी किंवा भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात कोणाला भेटायला आलेली कुटुंबेही काम उरकले की परतीची गाडी पकडतात. वास्तविक या गावासाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, एवढे येथे पाहण्यासारखे आणि विचार करण्यासारखे आहे.

स्वारगेटपासून पुणे–सातारा रस्त्याने सरळ दक्षिणेला सहा-सात किलोमीटर गेले की कात्रज लागते. स्वारगेटहून पीएमपीच्या गाड्या दिवसभर सुटतात. भारतातील पहिल्या जलद बसमार्गांपैकी एक २००६ साली याच रस्त्यावर सुरू झाला. स्वारगेट ते कात्रज या भुयारी मेट्रोलाही २०२४ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. वाटेतील बिबवेवाडी, मार्केट यार्ड या भागांत जैन कुटुंबांची मोठी वस्ती असल्याने बाहेरगावच्या पाहुण्याला दर्शन, प्रवचन आणि शुद्ध भोजन यांची चौकशी करणे अवघड जात नाही.

सकाळ : आगम मंदिर

दिवसाचा आरंभ दर्शनाने करावा. कात्रजच्या टेकडीवरील जैन आगम मंदिर हे पुणे परिसरातील महत्त्वाचे तीर्थस्थान आहे. भगवान महावीरांच्या मूर्तीसमोर बसले असता खालच्या महामार्गाची धावपळ दूर राहते. सकाळी लवकर पोहोचल्यास उन्हाचा त्रास होत नाही आणि वृद्धांनाही निवांतपणे पूजा करता येते.

‘आगम मंदिर’ या नावाचा अर्थ मुलांना येथे आवर्जून सांगावा. भगवंतांची वाणी अनेक शतके गुरुमुखातून शिष्याकडे, केवळ स्मरणाच्या आधारे चालत आली. दुष्काळ पडले, मुनिसंघ विखुरले, कंठस्थ ज्ञानाचा काही भाग लोपला. तेव्हा महावीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी, वाचनाभेदाने ९९३ वर्षांनी, वल्लभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. श्वेताम्बर मूर्तिपूजक परंपरा आज ४५ आगम मानते. विसाव्या शतकात आगमोद्धारक आचार्य आनंदसागरसूरींच्या प्रेरणेने पालिताण्यात संगमरवरावर आणि सुरतेत ताम्रपटांवर हे आगम कोरले गेले. ज्ञान जपले नाही तर ते नाहीसे होते, ही जाणीव आगम मंदिर या कल्पनेच्या मुळाशी आहे. पुढे दिवसभरात कात्रजच्या तळ्याकाठी हीच जाणीव पाण्याच्या बाबतीत पुन्हा होते.

भोजनाचे येथेच ठरवायचे असल्यास भोजनशाळेच्या वेळा आणि पूर्वसूचनेबाबत मंदिराच्या पेढीवर आधी विचारून घ्यावे. मोठा समूह असेल तर आदल्या दिवशीच कळवणे सोयीचे ठरते.

खाणेपिणे : विचारून घ्यावे असे काही

कात्रज चौक आणि सातारा रस्त्यावर उपाहारगृहांची कमतरता नाही. अनेक ठिकाणी फलकावर ‘जैन पदार्थ मिळतील’ असे लिहिलेले असते. तथापि काही ठिकाणी ‘जैन’ म्हणजे केवळ कांदा-लसूण नसलेले, असाच अर्थ घेतला जातो आणि बटाटा, गाजर किंवा आले तसेच राहते. म्हणून मागणी करतानाच ‘कंदमूळ नको’ असे स्पष्ट सांगावे. बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून केलेली पावभाजी आता पुण्यात सहज मिळते आणि चवीला उणी पडत नाही. पुणेरी पोह्यांत कांदा-बटाटा जवळजवळ ठरलेला असतो. सांबारातही कांदा असतो, तेव्हा इडली-डोसा मागवताना सोबतच्या पदार्थांची चौकशी करावी. साबुदाणा कंदापासून होतो आणि खिचडीत बहुधा बटाटाही पडतो, हे उपवासाच्या थाळीकडे वळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

पेयांच्या बाबतीतही एक गोष्ट हमखास निसटते. पुण्याचा अमृततुल्य चहा आले ठेचून केलेला असतो आणि रसवंतिगृहातील उसाच्या रसातही आल्याचा तुकडा घातला जातो. ‘आले न घालता द्या’ असे आधी सांगितले, तर दुकानदार आनंदाने तसे देतो. ज्यांच्या घरी सुंठ चालते, त्यांना सुंठ-वेलदोड्याचा चहा मागता येतो. उन्हाळ्यात आंब्याची मस्तानी ही पुण्याची खास ओळख आहे. घट्ट दूध, आंबा आणि वर आइस्क्रीमचा गोळा असे तिचे रूप असते. आइस्क्रीमच्या घटकांविषयी मात्र खात्री करून घ्यावी.

‘कात्रज’ हे नाव महाराष्ट्रातील अनेक घरांत दुधाच्या पिशवीवरून पोहोचले आहे. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची ही दुग्धशाळा येथेच आहे. जिल्ह्यातील गावोगावच्या दूध उत्पादकांचे दूध येथे येते आणि तूप, पेढे, श्रीखंड, आम्रखंड, लस्सी अशा रूपांनी शहरात जाते. परत जाताना तूप किंवा पेढे घेऊन जाण्याची अनेकांची पद्धत आहे. नियम पाळणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दह्याची कालमर्यादा पाळणाऱ्या घरांत डबाबंद श्रीखंड चालत नाही. तसेच कच्च्या दही-ताकाबरोबर डाळीचे पदार्थ घेतल्यास द्विदलाचा दोष येतो. म्हणून लस्सीसोबत भजी किंवा डाळवडा मागवू नये. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, तो कंदमूळविरहित असल्याची हमी देत नाही. घटकांची यादी वाचण्याची सवय मुलांना अशा प्रवासातच लागते.

दुपार : प्राणिसंग्रहालय आणि अभयाचा धडा

मुले बरोबर असतील तर दुपार राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात जाते. पुणे महानगरपालिकेचे हे संग्रहालय तळ्यासह सुमारे १३० एकरांवर पसरले असून ते १९९९ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याआधी पुण्याचे प्राणिसंग्रहालय म्हणजे १९५३ सालचे पेशवे पार्क. शहराच्या मध्यावर, अपुऱ्या जागेत, लहान पिंजऱ्यांत तेथे प्राणी ठेवलेले असत. ते प्राणी टप्प्याटप्प्याने कात्रजला हलवण्यात आले. येथे वाघ, अस्वल, गवा, सांबर, काळवीट यांच्यासाठी खंदकांनी वेढलेली, झाडी असलेली मोकळी आवारे आहेत.

जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या मनाला बंदिस्त प्राणी पाहताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. तो संकोच दडपून टाकण्याचे कारण नाही. परंतु याच आवारात वन्यप्राण्यांचे अनाथालयही आहे. जखमी, आईपासून दुरावलेल्या किंवा मानवी वस्तीत सापडलेल्या प्राण्यांवर तेथे उपचार होतात. पांजरपोळाची परंपरा ज्या समाजाने जपली, त्याला या कामाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. पिंजरा आणि शुश्रूषा यांतील भेद मुलांनी स्वतः विचारावा आणि मोठ्यांनी त्यावर घाई न करता बोलावे, हेच या भेटीचे सार्थक होय.

येथील सर्पोद्यानाची कथाही सांगण्याजोगी आहे. १९८६ मध्ये ते उभे राहिले ते नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने. साप विनाकारण दंश करीत नाही, हे लोकांना पटावे म्हणून खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांच्या सहवासात ७२ तास काढले होते. साप दिसताच काठी शोधण्याची रीत त्या काळी सर्वत्र होती. आज पुण्यात घरात साप निघाला तर लोक सर्पमित्राला बोलावतात. भय कमी झाले की हिंसाही कमी होते, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

उतरती दुपार : तळे आणि पाताळातील नळ

प्राणिसंग्रहालयाला लागूनच कात्रजचे तळे आहे. कात्रजची खरी थोरवी या पाण्यात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास पुण्याची वस्ती झपाट्याने वाढली आणि विहिरींचे पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून तळी बांधवली आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटर लांबीचा दगड-चुन्याचा भुयारी नळ काढला. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा हा नळ प्रशस्त आहे. पाणी उपसण्यासाठी कोणतेही यंत्र नव्हते. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात, एवढ्या एका उताराच्या आधारे पाणी वाहत असे. गाळ खाली बसावा म्हणून वाटेत टाक्या होत्या आणि हवा खेळती राहावी, साफसफाई करता यावी यासाठी ठिकठिकाणी ‘उच्छ्वास’ नावाचे बांधीव झरोके होते. हे पाणी शनिवारवाड्यातील कारंज्यांत उडाले, तसेच काळा हौद, बदामी हौद अशा सार्वजनिक हौदांतून सामान्य गृहिणींच्या घागरींतही पडले.

पाणी गाळून पिणे आणि पाण्याचा थेंबही विनाकारण न सांडणे हा ज्यांच्या घरचा आचार, त्यांनी या योजनेकडे थांबून पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाले, घरोघर नळ आले आणि हौदांकडे लोकांची पाठ फिरली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून शहराचे नळ कोरडे पडले, तेव्हा जुन्या विहिरी आणि हौद पुणेकरांना पुन्हा आठवले.

कात्रजच्या डोंगरातून निघणारा आंबिल ओढा पर्वतीच्या पायथ्याजवळून मुठेला मिळतो. पर्वतीचे तळे नानासाहेबांनी याच ओढ्याच्या पाण्यावर केले. त्याच ठिकाणी आज सारसबाग आणि तळ्यातला गणपती आहे. गेल्या काही दशकांत ओढ्याच्या काठावर बांधकामे उभी राहिली आणि पात्र आक्रसत गेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर कोसळलेला पाऊस या ओढ्याने शहरात उतरला. पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे त्या पुरात दगावली. तळ्याकाठी उभे राहिले असता पाण्यावरची जलपर्णी आणि सभोवतीच्या इमारती एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. शहराला दीडशे वर्षे ज्याने पाणी पाजले, त्या तळ्याला आता सांडपाण्यापासून वाचवावे लागत आहे. निर्माल्य, प्रसादाच्या पिशव्या किंवा प्लास्टिकच्या बाटल्या येथे टाकू नयेत, एवढी ऋणाची फेड प्रत्येक पाहुण्याला करता येते.

सूर्यास्तापूर्वी

चौविहार पाळणाऱ्यांनी संध्याकाळच्या भोजनाची वेळ आधी निश्चित करावी आणि उरलेला कार्यक्रम तिच्याभोवती आखावा. हिवाळ्यात पुण्यात सहाच्या आसपास सूर्यास्त होतो आणि नेमकी तीच वेळ कात्रज चौकातील वाहनकोंडीची असते. साडेचारलाच तळ्याकडून निघाल्यास घाई होत नाही.

वेळ शिल्लक असेल तर दोन गोष्टी हाताशी आहेत. कात्रजच्या पश्चिमेस आंबेगाव येथे बाबासाहेब पुरंदरे यांच्या संकल्पनेतील शिवसृष्टी आहे. तिचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ रोजी खुला झाला. इतिहासाची गोडी असणाऱ्यांनी त्यासाठी अर्धा दिवस वेगळा ठेवणे बरे. पावसाळ्यात मात्र जुन्या घाटाने बोगद्यापर्यंत जाऊन यावे. हिरवे डोंगर, उतरलेले ढग आणि वळणावर निखाऱ्यांवर भाजली जाणारी कणसे यांचे सुख वेगळेच. येथूनच डोंगरधारेने सिंहगडापर्यंत जाणारी अवघड वाट सुरू होते. तरुण मंडळी ती रात्रीच्या चांदण्यात पार करतात. चातुर्मासात जीवोत्पत्तीचा विचार करून हिरवळीवरची पायपीट टाळणाऱ्यांना घाटाच्या रस्त्यावरूनही तो देखावा पुरेसा दिसतो.

निघण्यापूर्वी ध्यानात ठेवावे

प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते. रविवारी व सुट्यांच्या दिवशी तेथे मोठी गर्दी होते, म्हणून शक्य असल्यास अन्य दिवस निवडावा. आवार मोठे असल्याने वृद्धांसाठी आतील बॅटरीवरच्या गाडीची चौकशी प्रवेशद्वारातच करावी. उकळलेले पाणी घरूनच बरोबर घ्यावे. खाकरे, सुका नाश्ता आणि एखादा डबा जवळ असल्यास दुपारी जेवणासाठी धावाधाव होत नाही. मंदिरात पूजेची वस्त्रे लागणार असल्यास ती वेगळी बांधून ठेवावीत.

दिवसअखेर गाडी पुन्हा स्वारगेटकडे वळते, तेव्हा रस्ता उताराचा असतो. पेशव्यांच्या नळातील पाणीही याच उताराने शहराकडे जात होते. कुटुंबातील मोठ्यांनी मुलांना एवढे जरी दाखवून दिले, तरी पुढच्या वेळी कात्रज त्यांच्यासाठी केवळ साताऱ्याच्या वाटेवरचे नाव राहणार नाही.