घाट आणि फुंकणी

लांज्याचा माणूस मोटारीची परीक्षा आंजणारीच्या घाटात घेतो. पुतण्याची १९५८ सालची फोक्सवॅगन तिथे धापा टाकते, म्हणून त्याने त्या काळच्या अमेरिकन ‘जडसन’ सुपरचार्जरचा ध्यास घेतला आहे. सुपरचार्जर म्हणजे चुलीची फुंकणीच! इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो नि सिलिंडरांत जास्त हवा-पेट्रोल कोंबतो. ३६ अश्वशक्तीला जोर येतो खरा. पण जाळ वाढला की तापही वाढतो, आणि या गाडीला रेडिएटर नाही. पंख्याचा वारा हाच काय तो गारवा!

“काका, घाटापुरताच हो!”

“बाबा रे,” मी म्हटले, “दादा तुला मांडीवर घेऊन हाच घाट दुसऱ्या गिअरवर चढायचे. इंजिन फुटले, तर त्यांची दुसरी कोणती आठवण उरली आहे आपल्याकडे?”

तो बराच वेळ बॉनेट पुसत राहिला.