बर्फातली सिरिंज आणि बोटावरचा चिमटा

ऐंशीच्या दशकात आम्ही निवासी डॉक्टर होतो तेव्हा पेशंटचा ऑक्सिजन बघायचा तो ओठांवर, जिभेवर आणि नखांवर. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून राऊंडला सर आधी खिडकीचा पडदा सारायला लावत. नजर तयार व्हायची, पण ती पुरी पडत नसे. रक्तातलं ऑक्सिजनचं सॅच्युरेशन ऐंशी टक्क्यांपर्यंत घसरलं तरी निळेपणा कित्येकदा डोळ्यांना दिसत नाही, हे कॉम्रो आणि बोटेल्हो या संशोधकांनी १९४७ सालीच दाखवून दिलं होतं. आणि अंगात रक्तच नसलेल्या आपल्या बायाबापड्या? हिमोग्लोबिन पाच, तर निळं पडणार काय! त्या धापा टाकत असायच्या आणि ओठ नुसते पांढरेफटक.

खात्री हवी तर धमनीतलं रक्त घ्यायचं. मनगटाची नाडी बोटाखाली धरून, हेपरिन फिरवलेली काचेची सिरिंज तिरकी घालायची. सुई नेमकी शिरली की दट्ट्या न ओढता रक्त आपल्या जोराने वर चढायचं. ते लालभडक दिसलं की जीव भांड्यात पडायचा. मग बुडबुडा काढायचा, सुईला बूच लावायचं, सिरिंज बर्फात ठेवायची आणि वॉर्डातले मामा ती घेऊन लॅबकडे पळायचे. मनगट मात्र पाच मिनिटं दाबून धरावं लागे. तेवढ्यात पेशंटची पेरणी, मुलीचं लग्न, घरातलं भांडण, सगळं कळायचं. ती पाच मिनिटं गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व मांडलं: लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून सोडायचा आणि नाडीच्या ठोक्यागणिक कोणता किती शोषला जातो ते मोजायचं. भूलतज्ज्ञ म्हणून मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. ऑपरेशन चालू असताना यंत्राचा सूर खाली उतरला की मान वर न करताही धोका कळतो. आओयागी एप्रिल २०२०मध्ये गेले. त्याच वर्षी आपल्या आशाताई त्यांच्या तत्त्वावर चालणारा बोटावरचा चिमटा घेऊन घरोघर फिरत होत्या.

सिरिंजबरोबर लॅबला जाणाऱ्या जुन्या चिठ्ठीवर मात्र एक रकाना असायचा: पेशंट किती टक्के ऑक्सिजनवर आहे? तो रिकामा दिसला की लॅबवाले चिठ्ठी परत पाठवत. फुप्फुसांची खरी परीक्षा त्या रकान्यातच असते. धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबाला दिलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं. साध्या हवेवर, म्हणजे ०.२१वर, दाब ९५ असेल तर उत्तर साडेचारशेच्या घरात येतं, फुप्फुसं ठणठणीत. तेच ९५ गाठायला ५० टक्के ऑक्सिजन लागत असेल तर उत्तर १९०. फुप्फुसं गंभीर आजारी. बोटावरचा चिमटा दोघांनाही ९७च्या आसपासच दाखवतो.

आता फोन येतो, "डॉक्टर, बाबांचं ९७ आहे, काळजी नाही ना?" माझी एवढीच विनंती आहे: घरच्या वहीत तो आकडा लिहाल तेव्हा शेजारी हेही लिहा, साध्या हवेवर की ऑक्सिजनवर, आणि ऑक्सिजनवर असेल तर किती लिटरवर.