खुणा आणि खाडे

जयंतराव साळगांवकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढलं आणि पंचांग स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आलं. आमच्या डोंबिवलीच्या घरात तो खिळा फ्रिजच्या वर होता. माझ्या लहानपणापासून त्यावर दरवर्षी नवं कालनिर्णय टांगलं गेलं. लिहिणारे हात मात्र तेच दोन, आणि इतके वेगळे की कुठलंही पान काढा, दोन स्वभाव शेजारी शेजारी वाचून घ्या.

बाबा पुढचं लिहीत. नवं कॅलेंडर आलं की डिसेंबरातच तांबड्या पेनाने विम्याचा हप्ता, घरपट्टी, लोकलचा पास संपायची तारीख. गणपतीला कोकणात जायचं तर आरक्षण कधी उघडणार? चतुर्थीच्या चौकटीपासून निघून, पेनाच्या टोकाने एकेक दिवसावर टिचकी मारत, पानं उलटत ते मागे येत आणि सापडलेल्या तारखेला दोनदा गोल करत. रेल्वेने ही मुदत २०१५ साली १२० दिवसांची केली तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. नोव्हेंबर २०२४पासून ती ६० दिवसांवर आली, तेव्हा नाराजी: “इतक्या उशिरा ठरवायचं म्हणजे काय!”

दवाखान्यात ते खुर्चीच्या कडेवर बसतात, कधीही नाव पुकारतील म्हणून. सॅन फ्रान्सिस्कोतल्या फ्रीडमन आणि रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या म्हणे पुढच्या कडेलाच झिजत. सतत घाईत असणाऱ्या माणसांना त्यांनीच १९५०च्या दशकात ‘टाइप ए’ हे नाव दिलं. पुढच्या संशोधनात हृदयाला खरा धोका घाईपेक्षा मनातल्या वैरभावाचा असल्याचं दिसू लागलं. बाबांच्या मनात वैर कुणाशीच नाही. त्यांना फक्त गाडी चुकेल ही भीती आहे. वक्तशीरपणाचं आपण एवढं कौतुक करतो, त्यात या भीतीचा वाटा किती असतो कोण जाणे. वेळेच्या नियोजनावरची बहुतेक पुस्तकं मला बाबांसारख्यांनीच लिहिल्यासारखी वाटतात. वाचणाऱ्यालाही तीच धास्ती असणार, असं धरूनच चालतात.

आई झालेलं लिहिते. पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात. दुधाचा खाडा, मावशींचा खाडा, ‘सिलिंडर लावला’, ‘भाजणी दळून आणली’, ‘पाव्हणे गेले’. पुढच्या तारखेवर काही नाही. एकदा बाबा म्हणाले, “अगं, होऊन गेलेलं लिहून काय उपयोग?” तिने उत्तर दिलं नाही. वर्ष संपलं की ते कॅलेंडर गुंडाळून कपाटावर जातं. रद्दीत घालायची कुणाची हिंमत नाही.

पण अंदाज बरोबर येतो तो तिचा. दिवाळीचा फराळ शनिवार-रविवारात उरकेल, असं बाबांचं गणित. आई कपाटाकडे हात दाखवते, “गेल्या वर्षी करंज्या धनत्रयोदशीच्या रात्री तळत होते.” मग बुधवारीच बेसन भाजायला घेतलं जातं.

डॅनियल कानमन यांनी ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’मध्ये स्वतःचा एक किस्सा सांगितलाय. इस्रायलमध्ये त्यांची एक समिती शाळेसाठी अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक तयार करत होती. किती वेळ लागेल? सगळ्यांचे अंदाज दोन वर्षांच्या आसपास. त्यांच्यातल्या अभ्यासक्रमाच्या जाणकाराचाही तोच. मग कानमननी त्यालाच विचारलं, अशी कामं आधी ज्यांनी केली त्यांना किती लागली? तो गप्प झाला. पुष्कळांचं काम अर्ध्यावरच सुटलं होतं, ज्यांचं पुरं झालं त्यांना सात ते दहा वर्षं लागली होती. सगळी माहिती त्याच्या डोक्यात होती, पण स्वतःचा अंदाज बांधताना त्याने तिकडे वळूनही पाहिलं नव्हतं. यांना लागली आठ वर्षं. कानमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली हाच दोष नाव देऊन मांडला होता. आईने यातलं काही वाचलेलं नाही. तिचा पुढच्या बेतांवर मुळातच विश्वास कमी, एवढंच.

मी बाबांचं पेन उचललं. नोकरीत आधी डायरी, मग प्लॅनर, आता मोबाइलमध्ये रंगीत चौकटी. कानमन वाचल्यावर झालेलं लिहून ठेवायचंही करून पाहिलं, पण संपलेल्या कामाची नोंद करायला माझा हातच वळत नाही. मन पुढच्या चौकटीत जाऊन बसलेलं असतं. बायकोचं तिसरंच. ती काहीच लिहीत नाही, आदल्या रात्री पदर खोचते आणि सकाळी सगळं तयार असतं. तिला प्लॅनर भेट देण्याचा वेडेपणा मी केलेला नाही.

यंदा घर रंगवायचं ठरलं. मी खोल्या, पुट्टी, दोन हात असं सगळं धरून कागदावर आठ दिवस काढले. बाबांनी कागद पाहिला आणि दोन दिवस जादा धरायला सांगितले. आई आतून म्हणाली, “मागच्या वेळी गणपती आले तरी शिड्या घरातच होत्या. आरतीला उभं राहायला जागा नव्हती.”

रंगाऱ्याला आता दिवाळीनंतर बोलावलंय.